लवकरच लंडनला

रात्री साडेबाराला शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या, की कोथरूडात एकच अर्थ निघतो: कोणाचा तरी मुलगा अमेरिकेहून आलाय. तरी मी शर्ट चढवून दार वाजवलं. आत चौघं जेवायला बसलेले. थोरली ताटावर पेंगत होती. धाकट्याचं बोट आमटीत होतं आणि डोकं आईच्या खांद्यावर. घरचा कर्ता पुरुष मात्र टक्क जागा होता. मनगटावरचं घड्याळ माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "काका, लंडनमध्ये आत्ता रात्रीचे आठ वाजलेत. उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. मुलांच्या शरीराला सवय नको?"

"तिकिटं कधीची आहेत?"

"तिकिटं अजून काढली नाहीत. आधी तालीम."

हा गृहस्थ तुमच्याही सोसायटीत आहे, तेव्हा जास्त ओळख करून देत बसत नाही. आमचा नमुना हिंजवडीत नोकरी करतो आणि कोथरूडात राहतो. या दोन गावांमधला प्रवास रोज करत असल्यामुळे परदेशप्रवासाची त्याला मुळीच भीती वाटत नाही. त्याच्या लॅपटॉपमध्ये लंडनची एक एक्सेल शीट आहे. तिच्यात कुठल्या दिवशी कुठल्या बाकावर बसून सँडविच खायचं इथपर्यंत नोंद आहे. असे शीटवाले पुण्यात पेठेगणिक सापडतील. आमचा वेगळा पडतो तो तालमीमुळे. शीटमधली प्रत्येक ओळ तो आधी पुण्यात करून बघतो, सहकुटुंब. म्हणून सोसायटीत त्याला सगळे दिग्दर्शक म्हणतात.

केसरी किंवा वीणा वर्ल्डबरोबर जाणारी माणसं त्या मानाने सरळ. पैसे भरतात, टोपी घालतात, झेंड्यामागून चालतात आणि परत आल्यावर युरोपात पोहे कसे मिळाले ते सांगतात. दिग्दर्शकाला हे मंजूर नाही. "सहा देश बारा दिवसांत म्हणजे काका, नुसतं बसच्या खिडकीतून बघणं झालं. एक शहर घ्यायचं. मुलांनी तिथे चालायचं, चुकायचं, रांगेत उभं राहायचं." मुलांनी काय काय करायचं याबद्दल त्याचे विचार फार उदात्त असतात. मुलं तेव्हा सोफ्याखाली लपलेली असतात.

सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटावर अगदी वरच्या सज्जापर्यंत ५२८ पायऱ्या आहेत. हे कळल्याच्या पुढच्या रविवारी पहाटे चौघं पर्वतीच्या पायथ्याशी. पर्वतीला पायऱ्या १०३. दिग्दर्शकाने भागाकार केला, पाच फेऱ्या धरल्या. पाच फेऱ्यांच्या झाल्या ५१५. राहिल्या तेरा. कोणीही सुज्ञ माणूस तेरा पायऱ्या सोडून देऊन खाली येऊन कुठेतरी मिसळ खाईल. याने घरी येऊन लिफ्ट बंद ठेवायला लावली आणि उरलेल्या तेरा आमच्या जिन्यावर चढायला लावल्या. चौदावीवर धाकटा बसला. "संपलं. मी आता लंडनच्या वर आहे," म्हणाला आणि तिथेच आडवा झाला. दुधाच्या पिशव्या घेऊन वर येणाऱ्या तीन कुटुंबांना त्याला ओलांडून जावं लागलं.

मग सप्टेंबर २०२४मध्ये मेट्रोचा भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत सुरू झाला. पुण्याला आनंद झाला तो मंडईला जायची सोय झाली म्हणून. दिग्दर्शकाला 'ट्यूब' मिळाली म्हणून. वनाझला बसायचं, जिल्हा न्यायालय स्थानकात उतरायचं आणि जमिनीखाली तेहतीस मीटर जायचं. तिथल्या सरकत्या जिन्यावर तालीम एकच: उभं राहायचं ते उजवीकडे, डावी बाजू घाईतल्या लोकांसाठी मोकळी. मुलं शिकली. पुणं शिकलं नाही. एक टोपीवाले आजोबा जिन्याच्या बरोबर मधोमध उभे होते. दिग्दर्शकाने नम्रपणे लंडनची पद्धत सांगितली. आजोबांनी आधी मागे वळून पाहिलं, मग पुढे पाहिलं, मग म्हणाले, "तशी पाटी आहे का इथे? नाही ना? मग घाई असलेल्याने आधी निघायचं."

फराळाचीही तालीम झाली. ब्रिटनमध्ये आपल्याकडून दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे यादीतून आंबा बर्फी कटाप. उरल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बाकरवडी. त्या ठरलेल्या बाकावर, म्हणजे तूर्त सारसबागेत, कागदी रुमाल मांडीवर पसरून गप्प बसून खायच्या. नियम असा की कचरा परत पिशवीत भरायचा. तो पाळला गेला. एवढं एक लंडन पुण्यात उरलं तरी मी दिग्दर्शकाचा सत्कार करायला तयार आहे.

पण त्याची सर्वांत गाजलेली तालीम हरवण्याची. गर्दीच्या शहरात मूल हरवलं तर काय करायचं? सूत्र साधं: जिथे आहेस तिथेच उभा राहा, बाबा शोधत येतील. प्रयोगासाठी गर्दी हवी म्हणून तुळशीबाग, आणि त्यातही गौरी-गणपतीच्या आधीचा शनिवार. ठरल्याप्रमाणे दिग्दर्शकाने बांगड्यांच्या गाळ्याजवळ धाकट्याचा हात सोडला आणि तो स्वतः पन्नास पावलं पुढे गेला. तिथे लोंढ्याने त्याला उचललं, एका बोळातून दुसऱ्या बोळात नेलं आणि एका भांड्यांच्या दुकानापुढे सोडलं. आता हा स्वतः हरवला. आणि माणूस सूत्राचा पक्का! जिथे आहे तिथेच उभा राहिला. तिकडे मुलगाही सूत्राचा पक्का. दोघे आपापल्या जागी उभे, कोणी कोणाला शोधत नाही. शेवटी गाळेवाल्या बाईंनी मुलाला खाली बसवून, पन्हं पाजून, आईचा नंबर लावला. त्या माउलीने आधी मुलाला ताब्यात घेतलं, मग नवऱ्याला. दिग्दर्शकाच्या हातात तोवर एक पितळी डबा होता. एवढा वेळ उभा राहिल्यावर दुकानदाराने तो घ्यायलाच लावला. त्या संध्याकाळी शीटमध्ये भर पडली: 'बाबा हरवल्यास: नियम वेगळा.'

केळकर संग्रहालयातली तालीम मी पाहिलेली नाही, त्याच्या बायकोने सांगितली. ब्रिटिश म्युझियम १७५९ पासून लोकांना खुलं आहे आणि आत जायला पैसे पडत नाहीत. केळकर संग्रहालयाला पडतात. तालमीला तिकीट आणि प्रयोग फुकट, हा उलटा व्यवहार दिग्दर्शकाला खुपत होता, म्हणून प्रत्येक दालनाला मिनिटं बांधून दिली होती. दिवे, कुलपं, वाद्यं सगळं वेळेत झालं. आमच्याच कोथरूडातून नेऊन तिथे पुन्हा उभा केलेला मस्तानी महालही वेळेत झाला. धाकटा अडला अडकित्त्यांपाशी. किती तऱ्हेचे ते अडकित्ते! "हे सगळं एकाच आजोबांनी जमवलं?" हो, दिनकर केळकरांनी; 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहायचे. "मग राजा कोण?" त्यांचा मुलगा. "तो मोठेपणी काय झाला?" तो मोठा झाला नाही, लहानपणीच गेला, त्याच्या नावाने हे सगळं आहे, असं आईने सांगितलं. दिग्दर्शकाने हातातलं मोबाइलचं घड्याळ बंद करून खिशात टाकलं. पुढची दालनं त्या दिवशी कोणी मोजून पाहिली नाहीत. शीटमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ओळीपुढची मिनिटं अजून कोरी आहेत.

हे झालं त्याच्या कुटुंबाचं. माझा छळ वेगळा. मी सोसायटीचा सचिव. दिग्दर्शकाने मला इमिग्रेशन अधिकाऱ्याची भूमिका दिली. "काका, तुम्हाला अभिनय करावा लागणार नाही, चेहरा आयता आहे." त्यांच्या जेवणाच्या टेबलामागे मी बसायचं, जुन्या डायऱ्या कापून केलेले पासपोर्ट तपासायचे, प्रश्न विचारायचे आणि समाधान झालं तर संस्थेचा गोल शिक्का मारायचा.

"इथे कशासाठी आलात?"

थोरली पाठ केल्यासारखं म्हणाली, "संग्रहालयं आणि ऐतिहासिक वास्तू पाहायला."

धाकटा म्हणाला, "बाबांनी आणलं म्हणून."

"किती दिवस राहणार?"

"बाबा दमेपर्यंत."

मी प्रवेश नाकारला. दिग्दर्शक विंगेतून, म्हणजे स्वयंपाकघरातून, धावत आला. "असा अधिकारी नसतो, काका." मी म्हटलं, दुसऱ्या पार्किंगसाठी आलेले अर्ज मी वर्षानुवर्षं नाकारतोय, अधिकारी कसा असतो ते मला सांगू नकोस. शेवटी तडजोड झाली. धाकट्याला 'पंधरा दिवस, खोड्या न करण्याच्या अटीवर' असा शेरा लिहून शिक्का मिळाला. ती डायरी आता शिक्क्यांनी गच्च भरली आहे. सिंगापूर, लंडन, मग पुन्हा लंडन. आमची सहकारी गृहरचना संस्था मर्यादित इतक्या देशांच्या हद्दीवर आहे हे उपनिबंधकांना कळलं तर माझी धडगत नाही.

आता खऱ्या पासपोर्टकडे येतो. मुलांचे पासपोर्ट निघाले जानेवारी २०२०मध्ये, त्या मे महिन्यातल्या सिंगापूरसाठी. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले कोरोनाचे रुग्ण सापडले, तेही दुबईची सहल करून आलेले. सिंगापूर बारगळलं. पुढे शहर बदलून लंडन झालं आणि तालमी जोरात सुरू झाल्या. तालमी एवढ्या आणि प्रयोग एकही नाही, यावर सोसायटीत भरपूर विनोद झाले, त्यातले निम्मे माझे. दरम्यान त्याची शीट मात्र लोकांच्या हातोहात फिरली. दुसऱ्या मजल्यावरचे तिच्यावर लंडन करून आले, बी विंगमधले दोघे करून आले. मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा नॅचरल हिस्टरी म्युझियममधला ब्लू व्हेलचा सांगाडा बघायला सकाळी उघडण्याच्या वेळीच जा, अशी सूचना होती. ती तंतोतंत खरी निघाली म्हणतात. परत आल्यावर प्रत्येकाने त्याला फ्रिजवर लावायचं चुंबक आणलं: लाल बस, लाल टेलिफोनची पेटी, बिग बेन. त्याच्या फ्रिजचं दार आता दिसत नाही. त्यातलं एकही त्याने स्वतः आणलेलं नाही.

हे मला कधी खटकलं नव्हतं. २०२३मध्ये त्याच्याकडून मेंटेनन्स दोन महिने आला नाही, म्हणून मी नियमाप्रमाणे नोटीस टाइप करून ठेवली. ती द्यायच्या आत त्याची बायको पैसे घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "काका, यांच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात हे होते. मुलांना बोलू नका." आदल्या वर्षी सासऱ्यांची बायपास झाली, तेव्हाही लंडनसाठी साठवलेलेच पैसे गेले होते. मी घरात येऊन जुने दिवस आठवून पाहिले. पर्वतीच्या पाच फेऱ्या बायपासच्या उन्हाळ्यातल्या. तुळशीबाग नोकरी गेली त्या भाद्रपदातली. ज्या वर्षी जाणं नक्की होणार नव्हतं, त्या वर्षी तालमी सर्वांत जास्त. सहल रद्द झाली असं त्या माणसाने मुलांना एकदाही सांगितलेलं नाही. प्रत्येक वेळी तालीम कच्ची राहिली, एवढंच सांगितलं.

म्हणून तो मला आवडायला लागला असं कोणी समजू नये. लिफ्ट बंद ठेवल्याबद्दल त्याला दिलेली समज दप्तरात कायम आहे.

जानेवारी २०२५मध्ये मुलांच्या पासपोर्टांची पाच वर्षांची मुदत संपली. आत एकही शिक्का नाही. नवे काढले. थोरलीला पंधरा पूर्ण झाली होती, आणि त्या वयात अठरापर्यंतचा घ्या नाहीतर पुरता दहा वर्षांचा, अशी निवड असते. तिने विचार न करता दहा वर्षांचा घेतला. "बाबांच्या वेगाने दहाच लागतील," मला जिन्यात म्हणाली. ती आता शीट स्वतः सांभाळते. व्हिसाची बदललेली फी, संग्रहालयांच्या वेळा सगळं ताजं ठेवते आणि बाबांना दाखवताना 'तुम्हीच लिहिलं होतंत' म्हणून सांगते. मग तिची दहावी आली आणि लंडन आणखी एक वर्ष पुढे गेलं. धाकटा अकराचा झाला. ट्यूबमध्ये मोठ्यांबरोबर अकराच्या आतली मुलं फुकट जातात, तो फायदाही गेला. दिग्दर्शकाने ती ओळ लाल केली आणि दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. "काका, रविवारी सकाळी दहाला इमिग्रेशन. या वेळी जरा कडक विचारा, धाकटा फार उर्मट उत्तरं देतो."

मी सांगितलं की रविवारी मला कार्यकारिणीची बैठक आहे, संस्थेचा शिक्का खाजगी कामाला वापरता येत नाही आणि हे शेवटचं. तो "हो हो" म्हणत गेला. नंतर कपाट उघडून बघितलं तर शिक्क्याच्या पॅडची शाई पार वाळलेली. अप्पा बळवंत चौकात जाऊन नवा पॅड आणला, निळा. खर्च 'स्टेशनरी' या सदरात टाकला आहे. हिशेब तपासनीसाने विचारलं तर पार्किंगच्या अर्जांसाठी लागला म्हणून सांगेन.