श्री. कॅमेरासाहेब, अटल चौक, यांस

श्री. कॅमेरासाहेब,
मुक्काम खांब, अटल चौक, हजरतगंज, लखनौ

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझ्या भाच्याला मोटरसायकलवर लावायला रडार डिटेक्टर घ्यायचा आहे आणि कोणता घ्यावा हे मला कळत नाही. या शहरात माझी एकोणतीस वर्षे गेली. चिकनचे कुडते कुठे घ्यावेत, बास्केट चाट किती वाजता खावी, याचा सल्ला मी पाहुण्यांना झोपेतही देतो. पण हे यंत्र माझ्या आवाक्याबाहेरचे. म्हटले, ज्यांना चुकवण्यासाठी ते घ्यायचे, त्यांनाच विचारावे. आपण रागावणार नाही याची खात्री आहे. आपण कुणावर ओरडलात, शिट्टी वाजवलीत, बाजूला घेऊन कागद मागितलेत असे कुणी पाहिलेले नाही. नवाबी अदब या चौकात आता एकट्या आपल्याकडे उरली आहे. शिवाय ‘मुस्कुराइए, आप लखनऊ में हैं’ अशी पाटी शहरभर लावलेली असते. फोटो काढण्याआधी हसायला सांगणारे सरकार मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

भाचा नाशिकचा. गोमतीनगरात संगणकावर काम करतो. साडेतीनशे सीसीची एक जुनी गाडी त्याने घेतली आणि तिच्या सायलेन्सरचे काहीतरी करून घेतले. तेव्हापासून तो पुलावर आला की त्याच्या मामीला कुकर लावायचे कळते. गेल्या महिन्यात शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीने त्याला ताशी चौऱ्याण्णववर टिपले. दोन हजारांचे चलान आले. रडवेल्या तोंडाने म्हणाला, ‘मामा, पैशाचं काही नाही, पण मला आधी कळायला हवं होतं.’

काय कळायला हवे होते? आपण चौऱ्याण्णवने जात आहोत, हे? ते तर समोरच्या काट्यावर दिसत होते. पण मी मामा आहे, न्यायाधीश नाही. निघालो त्याच्याबरोबर लालबागेत. मराठी वाचकांचा गोंधळ नको म्हणून सांगतो, इथल्या लालबागेत राजा नसतो, सीट कव्हरे असतात. एका दुकानदाराने आतल्या कपाटातून मखमलीत गुंडाळलेली डबी काढली. ‘हुज़ूर, पुलिस एक किलोमीटर पहले समझ में आ जाएगी.’ किंमत अडतीस हजार. मी मनात भागाकार केला. दोन हजारांनी भागले तर एकोणीस वेळा पकडले जाण्याइतका माल. पण हिशेब तिथेही फसतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली पहिल्या वेळी एक ते दोन हजार दंड आहे, आणि पुढच्या वेळी लायसन्सच जप्त होते. एकोणिसापर्यंत पोचायला गाडी चालवता तरी आली पाहिजे.

कबूल करतो, दुकानदार जाणकार होता. म्हणाला, मोटारीत हे काम सोपे, काचेमागे चिकटवले की झाले. दुचाकीला मात्र पाऊस आहे, धूळ आहे, मे महिन्यातले ऊन आहे, आणि स्क्रू ढिले करणारी इंजिनाची थरथर आहे. वायर बॅटरीपर्यंत न्यावी लागते. गाडी उभी केली की डबी काढून खिशात घालावी लागते, नाहीतर ती दुसऱ्याच्या खिशात जाते. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे हेल्मेटच्या आत तिचा आवाज पोचत नाही. त्यासाठी एकतर कानात बोलणारे मॉडेल घ्यायचे, नाहीतर हेल्मेटच्या कडेला डोळ्यासमोर लुकलुकणारा तांबडा दिवा बसवायचा. थोडक्यात, रस्त्यावरची नजर काढून दिव्यावर ठेवायची, म्हणजे रस्त्यावर आपल्याकडे कुणाची नजर आहे का ते कळते.

‘चलाके देख लीजिए,’ तो म्हणाला. भाचा पुढे, मी मागे, यंत्र माझ्या हातात. आवाज नीट ऐकू यावा म्हणून मी माझे हेल्मेट दुकानातच ठेवले. लालबागेतून गंजात आलो. पहिल्यांदा ते किंचाळले तेव्हा भाच्याने असा ब्रेक मारला की मागची ई-रिक्षा जवळजवळ आमच्या कुटुंबात आली. पोलीस कुठेच नव्हता. एका शोरूमचे आपोआप सरकणारे दार तेवढे उघडले होते. दुसऱ्यांदा किंचाळले ते एका लांबलचक पांढऱ्या गाडीच्या शेजारी. तिच्या मागच्या बंपरात बाजूची वाहने हेरणारे रडार असणार. विधानभवन हाकेच्या अंतरावर असल्यामुळे अशा गाड्या इथे उदंड. तिसऱ्यांदा पुन्हा तेच दार. आता बघा, पोलिसी रडार ज्या लहरींवर चालते त्यातला एक पट्टा २४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा, आणि दारे नि बंपरही त्याच गल्लीत राहतात. यंत्र बिचारे कुणाकुणाला ओळखणार?

आपल्या खांबाखालून मात्र आम्ही दोनदा गेलो. यंत्र गप्प. डुलकी लागल्यासारखे.

साहेब, मग मी घरी येऊन अभ्यास केला. १८४२ साली अमजद अली शाह अवधच्या गादीवर आले. त्यांना लोक ‘हजरत’ म्हणत, म्हणून हे हजरतगंज. सिब्तैनाबाद इमामबाड्यात, आपल्यापासून चार पावलांवर, ते पुरले आहेत. त्याच १८४२ साली तिकडे प्राग शहरात ख्रिश्चन डॉप्लर नावाच्या प्राध्यापकाने मांडले की, लहरी सोडणारी वस्तू जवळ येत असेल तर लहरी दाटतात, दूर जात असेल तर विरळ होतात. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बाईस बॅलट या शास्त्रज्ञाने आगगाडीत कर्णे वाजवणारे बसवले आणि रुळांशेजारी सूर ओळखणारे कान उभे केले. गाडी जवळ येताना सूर चढला, पुढे गेल्यावर उतरला. पोलिसांचे रडार हेच करते. लहर सोडते, ती गाडीवर आपटून किती चढून परत आली ते ऐकते आणि वेग सांगते. जिथे वाळकेश्वरच्या भातखंड्यांनी १९२६ साली संगीताचे कॉलेज उभे केले, तो कैसरबाग इथून पायी जाण्याइतका जवळ. या गावात चढलेला सूर लपवायला निघणे हे भाच्याचे धाडसच म्हणायचे.

पण इथे भाच्याचे नशीब आणखी वाकडे आहे. रडारची लहर पसरट असते. ती पुढच्या गाड्यांवर आपटून इकडेतिकडे सांडते, आणि तो सांडलेला उष्टा अंश दूरवरून पकडणे हीच डिटेक्टरची सारी करामत. भाच्याला ज्याने पकडले ती लेझर गन. तिचा किरण तीनशे मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद होतो. शिपाई तो नेमका हेडलाइटवर किंवा नंबर प्लेटवर धरतो आणि पापणी लवायच्या आत आकडा मिळतो. त्या वेळी डिटेक्टर ओरडला, तर त्याचा अर्थ ‘सावध’ असा होत नाही, ‘झाले’ असा होतो. अडतीस हजार खर्चून माणसाला आपल्या दंडाची बातमी चलानाच्या मेसेजआधी समजते.

आणि आपण? आपण तर काहीच फेकत नाही. नुसते बघता. सिग्नल तोडला, डोक्यावर काही नाही, तिघे बसले, नंबर वाचला, पाठवले. बघणाऱ्याला पकडणारे यंत्र अजून निघालेले नाही. असते तर लखनौच्या गल्ल्यांत खिडक्यांना पडदे लागले नसते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दोन कमानींमधला वेळ मोजून सरासरी वेगच काढतात. अर्थात तिथे दुचाकीला मुळातच मज्जाव, त्यामुळे भाच्याचा तोही प्रश्न सुटलेला. इथून आग्र्याला जाणारा द्रुतगती मार्ग ३०२ किलोमीटरचा. केंद्राने २०१८ साली अशा मार्गांवर मोटरसायकलला ताशी ८०ची कमाल मर्यादा घातली. पावणेचार तासांच्या आत पलीकडे पोचलात, तर चौथीच्या पुस्तकातले काळ-काम-वेगाचे गणितच साक्षीदार. त्याला कुठला डिटेक्टर लावणार?

चौकच्या सराफ्यात आमचे एक विट्याकडचे गलाईवाले आहेत. आयुष्यभर सोने आटवत आले. त्यांना डबी दाखवली. उलटीपालटी करून म्हणाले, ‘मामा, सोनं तापिवल्याबिगर कळत न्हाई, आन् हे दंड भरल्याबिगर कळायचं न्हाई.’

अमेरिकेत म्हणे बहुतेक राज्यांत हे यंत्र उघड विकतात, फक्त व्हर्जिनियासारख्या ठिकाणी बंदी. जर्मनीत चालवताना वापरायला मनाई. तिथली माणसे निदान वेगाने जाऊ शकतात, म्हणून त्यांना वेग लपवावा लागतो. गंजातून जाणाऱ्या आम्हां दोघांचा त्या दिवसाचा सर्वोच्च वेग ताशी अकरा किलोमीटर होता. इथे फिरण्यालाच ‘गंजिंग’ म्हणतात, आणि ते पायी करायचे असते. फेरफटका मारणारी म्हातारी जोडपी आम्हाला डावीकडून ओलांडून गेली. सिग्नलला परत भेटली, परत गेली.

यात एक गोष्ट आपण मला आधी सांगायला हवी होती. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने नियम १६७-अ काढला. त्याप्रमाणे जिथे अशा यंत्रांनी लक्ष ठेवले जाते, तिथे आधी ठळक पाटी लावायची आहे. म्हणजे पावसात न भिजणारा, बॅटरी न लागणारा, चोरीला न जाणारा डिटेक्टर सरकार स्वतःच फुकट रोवून ठेवते! त्याला एकच अट, वाचता आले पाहिजे. भाच्याला ही बातमी दिली. तो म्हणाला, ‘मामा, त्या स्पीडला पाटी वाचता येत नाही.’

तेव्हा साहेब, आपला अभिप्राय कळवावा. मॉडेल कुठलेही सुचवा, मी दुकानदाराला सांगेन की अटल चौकातून शिफारस आहे. चौकाचे हे नाव वाजपेयींवरून पडले, पण मराठी माणूस ते ‘अटळ’ असेच वाचतो, आणि आपल्या बाबतीत ते वाचन चुकीचे ठरत नाही. उत्तर नेहमीच्या मार्गाने, मोबाइलवर पाठवले तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मामा

ता. क. हे पत्र पाकिटात घालत असतानाच आपले उत्तर आले. दंड एक हजार, मागे बसलेल्याचे हेल्मेट नसल्याबद्दल. फोटोत भाचा पुढे बघतो आहे, माझ्या हातात ती डबी आहे आणि मी हसतो आहे. फोटो सुरेख आला आहे. त्याच्या मामीला फ्रेम करायचा आहे, थोडी मोठी प्रत मिळेल का?