घमेलेवीर

डिसेंबरच्या सुट्ट्या लागल्या की महाड-पोलादपूरकडच्या एखाद्या वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्याचा सात दिवसांचा मुक्काम पडतो. तो राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक. छातीवर कोणार्कच्या रथाचं चाक, पायांत चिखलाशी ओळखदेख नसलेले बूट. घरी प्यालेला पेला मोरीत ठेवायला आईच्या तीन हाका लागतात. इथे मात्र तो पहाटेच्या शिट्टीला उठतो, प्रभातफेरीत घसा बसवून घेतो आणि पोहे खाऊन परक्या माणसाच्या पडवीची डागडुजी करायला निघतो. कामाची सुरुवात फ्लेक्स बांधण्यापासून होते. फ्लेक्स सरळ लागला की नाही हे पाहायला जितकी माणसं चार पावलं मागे सरकतात, तितकी भिंतीचा ओळंबा पाहायला सरकत नाहीत. थापी तो उलटी धरतो, पहार स्वतःच्याच अंगठ्याजवळ आपटतो. त्याचं खरं हत्यार घमेलं. त्याला कसब लागत नाही, रांगेत उभं राहता आलं की झालं. आणि फोटोत रिकामं घमेलंही भरलेलंच दिसतं, हे ज्ञान त्याला पहिल्याच दिवशी होतं.

या वीराला हसणं सोपं आहे, आणि हसावंही. पण त्याला बिनकामाचा ठरवणाऱ्यांनी घरदुरुस्ती म्हणजे काय ते पाहिलेलं नसतं. तिच्यात कारागिरी थोडी आणि हमाली फार. कौलारू घर शाकारायचं तर वर चढणारा जाणता माणूस एक पुरतो. कौलं उतरवून घ्यायला, शेवाळ घासायला, फुटकी वेगळी काढायला आणि चांगली पुन्हा वर पोचवायला मात्र खाली दहा हात लागतात. पूर्वी ते सावडीतून मिळत: आज तुझं छप्पर, उद्या माझं. आता वाडीतले हात मुंबई-पुण्याला गेले, मागे म्हातारी माणसं राहिली. आणि कौलं फोडणाऱ्या माकडांना मनुष्यबळाची टंचाई कधीच पडलेली नाही. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारीचं पाणी महाड शहरात शिरलं आणि जाताना घराघरांत गाळ ठेवून गेलं. गाळ ओला आहे तोवर फावड्याला येतो. वाळला की पहारीशिवाय हलत नाही. त्या चार दिवसांत घराला सल्लागाराची गरज नसते, बाहेर ओतायला घमेल्यांची असते.

पहिला आक्षेप ठरलेला: हा सेवेसाठी येत नाही, गुणांसाठी येतो. खरं आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ही योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली तेव्हा ध्येय मोठं होतं. आजच्या वीराच्या डोळ्यांपुढे वर्षाचे १२० तास, प्रमाणपत्र आणि सवलतीचे दहा गुण असतात. पण सावड तरी निष्काम कुठे होती? आपल्या छपराची पाळी येणार हे माहीत असल्यामुळेच माणूस दुसऱ्याच्या छपराखाली उभा राहत असे. उलट ज्याला काहीच नको असतं त्याची मदत घेणाऱ्याला जड जाते; त्याच्या उपकाराचं ओझं जन्मभर वाहावं लागतं. दहा गुणांचा धनी परवडतो. पोरगं आपल्या पडवीवर पास होतंय, मग चहा पाजला की फिटांफीट, असं म्हणायला आजी मोकळी राहते.

दुसरा आक्षेप असा की परक्या पोरांना गावाचं काय कळतं? काही कळत नाही, आणि हीच त्यांची मोठी सोय आहे. दोन भावांच्या सामाईक भिंतीला चीर पडली तर ती पिढी-दोन पिढ्या तशीच राहते, कारण जो आधी हात लावील त्याने हक्क सांगितला असा अर्थ निघतो. घमेलेवीराला भाऊबंदकी ठाऊक नसते. तो दोन्ही अंगांनी लिंपून मोकळा होतो आणि दोन्ही घरचा चहा पितो. १९२० साली पिएर सेरेसोल या स्विस इंजिनिअराने व्हर्दूनजवळचं युद्धात उद्ध्वस्त झालेलं फ्रेंच गाव उभारायला स्वयंसेवक नेले, त्यांत कालच्या शत्रुपक्षातले जर्मनही होते. पुढे १९३४ च्या भूकंपानंतर सेरेसोल बिहारमध्येही बांधकामाला आला. त्याच्याएवढी विद्या आपल्या वीराकडे नाही, पण परकेपणाचं भांडवल तेच आहे.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: अशा शिबिरांआड सरकार आपली जबाबदारी झाकतं. म्हणून मर्यादा स्पष्ट हवी. त्याच जुलैत महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर कोसळला, माणसांसह वाडी गेली. तिथे घमेल्याचं काम नव्हतं. नवी घरं बांधायचं काम म्हाडाकडे गेलं आणि ते तिथेच जायला हवं होतं. दरडीखालचं गाव हलवणं हे शासनाचं काम, सरकलेलं कौल बसवणं हे शेजाऱ्याचं. शेजारी विरारला राहत असेल तर त्याच्या जागी हा.

राहता राहिला पंचांगाचा घोळ. घर शाकारायचं असतं उन्हाळ्याच्या शेवटी आणि शिबीर भरतं थंडीत. म्हणून आपला वीर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालतो आणि छपराकडे नुसतं सहानुभूतीने पाहतो. परीक्षा आटोपल्यावर मे महिन्यात शिबीर घ्यावं, उद्घाटनाला प्रमुख पाहुण्याऐवजी गावातला गवंडी बोलवावा आणि सात दिवस त्याचाच हुकूम चालू द्यावा. प्रमाणपत्रावर प्राचार्यांच्या शेजारी घरमालकिणीची सही घ्यावी. तीही जूनचे पहिले चार पाऊस पडून गेल्यावर. दहा गुण तेव्हाच द्यावेत, आणि ज्या घरात पातेली मांडावी लागली तिथले पातेल्यामागे एक कापावा.