पाणी कितव्या पायरीला?

"मघाशी भोंगा वाजला, तो खरा की चाचणीचा गो?"

गडग्यापलीकडून माईंचा आवाज आला. आमसुलं उलथत होत्या, त्यामुळे मान काही वर झाली नाही.

"चाचणीचाच असणार, माई. आभाळ तर लख्ख आहे."

"आभाळावर जाऊ नकोस. एकवीस साली एकादशी मंगळवारी झाली, बुधवारी बकरी ईद झाली आणि गुरुवारी पहाटे पाणी घरात. पाऊस होता, पण चिपळुणात जुलैत पाऊस नसतो कधी? खिडक्या लावून झोपलो सगळी."

मे सरत आला की आमच्याकडे गडग्यावरच्या गप्पांचा नूर पालटतो. तोवर कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलं, हापूस कितीवर उतरला, मुंबईकर अजून किती दिवस मुक्काम ठोकणार, एवढंच. आगोटीची खरेदी सुरू झाली की गाळ, गटारं, पूल आणि दरड. नगर परिषदेचं काय चाललंय ते पेपरात येतं, फलकावर लागतं, रिक्षावर कर्णा बांधून ओरडलंही जातं. पण कर्ण्यातून आलेलं माईंकडून एकदा मोजून घेतल्याशिवाय मला ते उमगत नाही.

"ती पातळी सांगतात ना," माई म्हणाल्या, "वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७ मीटर. बरं बाबा. पण नदीतले ७ मीटर म्हणजे माझ्या दारात किती? कितव्या पायरीला? ते कोण सांगणार?"

"तुम्हीच सांगता की."

"मग काय तर! नाईक कंपनीकडे पाणी चढतंय असं कळलं की मी चुलीवरचं उतरवते. शिवनदी फुगली की तांदळाचे डबे माळ्यावर. आणि गटारातून पाणी उलटं यायला लागलं की डबे राहू देत, माणसं माळ्यावर."

ही वेधशाळा मी हसण्यावारी नेत नाही. माईंच्या ओटीच्या खांबावर दोन खुणा आहेत. खालची २६ जुलै २००५ ची. तिच्या चांगली हातभर वर २२ जुलै २०२१ ची. ती काढायला त्यांच्या मुलाला स्टुलावर चढावं लागलं होतं. मागे घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने तो खांबही रंगवायला घेतला, तर माईंनी त्याचा चहा अर्ध्यावर थांबवून तेवढा भाग सोडायला लावला. गावात चौकाचौकांत अशा खुणा ठळक रंगवून, शेजारी नदीची पातळी लिहिली तर लोकांना मीटर आपोआप समजतील. खर्च रंगाच्या डब्याचा. पण जिथे खर्च कमी तिथे उत्साहही कमी, असा आपला एकूण अनुभव.

तेवढ्यात आप्पा आले. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, तरी दोन माणसं बोलताना दिसली की तिकीट फाडायला आल्यासारखे मध्ये उभे राहतात.

"खुणांचं काय घेऊन बसलात, वहिनी? आमच्या आगारात पाणी बसच्या टपाला लागलं होतं. आगारप्रमुख..."

"एसटीची नऊ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले," माईंनी आणि मी एकदमच वाक्य पुरं केलं.

आप्पा जराही नाराज झाले नाहीत. "पावसात. खाली पाणी, वर पाणी आणि मांडीवर सरकारी पैसा. एक नोट इकडची तिकडे नाही. मी असतो तर पैशांआधी स्वतःला धरलं असतं, खोटं कशाला बोलू?"

"आणि वाचनालयाची पुस्तकं?" माई म्हणाल्या. "टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. पाच सालीही बुडालं, एकवीसलाही बुडालं. ओली पुस्तकं उन्हात घातलेली बघवत नव्हती. बाजारपेठेत तर दुकान कुठलं आणि चिखल कुठला, कळत नव्हतं. तरी हो, मदतीला माणसं कुठून कुठून आली! नाव विचारायच्या आधी फावडं हातात घेत होती."

मग विषय तिथेच गेला जिथे तो दर वर्षी जातो. पाणी आलं कुठून?

"सोडलं म्हणून आलं," माई ठामपणे म्हणाल्या. "कोळकेवाडीतून."

आप्पांनी पिशवी गडग्यावर ठेवली. आता ते अर्धा तास हलत नाहीत हे मी ओळखलं. "वहिनी, तसं सरळ नाही ते. कोयना मुळात पूर्वेला जाणारी. कृष्णेला मिळायचं आणि बंगालच्या उपसागराला लागायचं, हा तिचा धर्म. धरण बांधून ती अडवली, डोंगरातून बोगदे काढले आणि पाणी खाली पोफळीकडे सोडून त्यावर वीज केली. ते पाणी कोळकेवाडीत साठतं, तिथून अलोऱ्याला पुन्हा वीज होते आणि मग ते येतं आपल्या वाशिष्ठीत. वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी. महाराष्ट्राचे दिवे लागतात त्यावर."

"लागू देत. पण पावसाळ्यात माझ्या नदीत तिचं स्वतःचं पाणी मावत नाही, त्यात दुसऱ्या नदीचं कशाला?"

"अधिकारी म्हणतात धरणाचा दोष नव्हता, पाऊसच अफाट होता."

"पाऊस अफाट होताच. मी कुठे नाही म्हणते? वर उधाण होतं. पौर्णिमा एक-दोन दिवसांवर आलेली. खाडीतून भरतीचं पाणी वर येतंय, डोंगरातून पावसाचं खाली येतंय, मध्ये आपण. तरीसुद्धा कोळकेवाडीतून किती सुटणार, कधी सुटणार, हे मला दोन तास आधी कळलं पाहिजे की नाही?"

या वादात मी माईंच्या बाजूची. महापूर एका कारणाने येत नाही हे खरं. डोंगर उघडे पडले, नदीत गाळ भरला, काठावर भराव झाले, त्यात पाऊस आणि भरती एका वेळेला गाठ घालतात. पण कारणांची बेरीज करणं अभ्यासकांचं काम आहे. आळीतल्या बाईला हवे असतात ते दोन तास. तेवढ्यात गॅसचा सिलिंडर, म्हातारी सासू, मुलांची सर्टिफिकिटं आणि शेजारची मांजर, सगळं वर नेता येतं.

"आता मोबाइलवर येतं ना," आप्पा म्हणाले. "तेवीस साली सगळ्यांचे फोन एकदम केकाटले नव्हते का? इशाऱ्याची चाचणी म्हणून. मी दचकून फोन भाताच्या टोपात टाकला."

"चांगलं आहे ते," मी म्हटलं. "पण पुराच्या रात्री टॉवर चालू राहायला हवेत. एकवीसला वीज गेली, फोन गेले. शेवटी हाकाच मारत होतो एकमेकांना."

"म्हणून भोंगा हवा," माई म्हणाल्या. "भोंग्याला रेंज लागत नाही."

गाळाचा विषय मात्र माईंच्या खास हक्काचा. महापुरानंतर डिसेंबरात नदीतला गाळ काढा म्हणून गावाने साखळी उपोषण केलं, त्यात एक दिवस माईही बसल्या होत्या. पुढे यंत्रं नदीत उतरली, सरकारी आली, नाम फाउंडेशनचीही आली, आणि वाशिष्ठी कित्येक वर्षांनी जरा खोल दिसायला लागली. तेव्हापासून माई पुलावरून जाताना रिक्षा हळू घ्यायला सांगतात आणि काठावरचे ढीग बघून घेतात. "काढला तो चांगलाच केला. पण काठावर ठेवलेला गाळ म्हणजे नदीत ठेवलेलाच की. पहिल्या पुराला घरी परत!" इंजिनिअरांनी हे कुठल्या शब्दांत मांडलं असतं ते माहीत नाही, पण यापेक्षा स्पष्ट नक्कीच नसतं.

"पूररेषेचं काय झालं हो?" आप्पांनी विचारलं. त्यांच्या पुतण्याला घर वाढवायचंय.

पूररेषा हा आमच्या गावातला आता पत्रिकेइतका नाजूक विषय. पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकामाला जवळजवळ मनाईच, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटी. जोतं किती उंच, खालचा मजला कशाला वापरायचा, सगळं बघून मग परवानगी. नकाशे आले तेव्हा निम्मं गाव रेषांच्या आत सापडलं आणि ओरडा झाला. ओरडा समजण्यासारखा आहे. ज्याची दोन गुंठे जागा बाजारपेठेत आहे त्याने ती उचलून डोंगरावर न्यायची कशी? पण पाण्याला नकाशा दाखवून परत पाठवता येत नाही, हेही खांबावरच्या खुणांनी दोनदा सांगितलंय. मला विचाराल तर रेषा हवीच. फक्त तिच्या आत अडकलेल्या जुन्या घरांचं काय करायचं, याचं उत्तर रेषा आखणाऱ्यांनीच द्यायला हवं होतं, आणि ते आधी.

"परवा स्थळ बघायला आले होते आमच्या भाचीला," माई हळूच म्हणाल्या. "मुलाच्या आईने गोत्र विचारलं, मी विचारलं घर निळ्यात की लाल रेषेत?"

"मग?"

"रेषेबाहेर, कावीळतळीला. म्हटलं, मुलगा जरा बुटका चालेल."

हसून झाल्यावर आप्पा पुलांवर आले. येणारच. उभी हयात त्यांनी पूल ओलांडण्यात घालवली.

"आपला एन्रॉन पूल बघा. कंपनी अमेरिकेत बुडून पंचवीस वर्षं होत आली, नाव चिपळुणात चालू आहे! आणि बहादूरशेख नाक्याचा उड्डाणपूल? तेवीसच्या ऑक्टोबरात बांधता बांधताच कोसळला. गर्डर खाली, क्रेन खाली. नशीब, जीव कुणाचा गेला नाही. सकाळी भाजीला निघालेली माणसं नंतर महिनाभर आभाळाकडे बघत चालत होती."

"तुम्ही परशुराम घाट विसरलात," मी म्हटलं. "बावीसच्या उन्हाळ्यात डोंगर कापायला दुपारी बारा ते पाच बंद ठेवायचे. आणि पावसाळा लागला की दरड."

"घाट थांबवतो तरी. पूल सांगत नाही." आप्पांचा आवाज उतरला. "२ ऑगस्ट २०१६. महाडला सावित्रीचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल रात्रीत गेला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली. आमच्या दोन गाड्या. रात्रपाळीला मीही त्या रस्त्याने किती वेळा गेलोय. पावसात पुढचा काळोख बघत ड्रायव्हर गाडी घालतो, कारण काल तिथे पूल होता."

माईंनी सुपावरचा हात थांबवला. थोडा वेळ कुणी बोललं नाही.

"पण बघा हं," आप्पाच पुढे म्हणाले, "तिथे पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर नवा पूल उभा राहिला. वर्षाच्या आत. म्हणजे येतं यांना बांधायला. आणि हाच मुंबई–गोवा महामार्ग किती वर्षं रुंद होतोय? माझी नोकरी संपली, त्याचं काम नाही संपलं."

"आता नगरसेवक आलेत ना, त्यांना विचारा," माई म्हणाल्या. खरंच, इतर कित्येक गावांसारखं आमच्याकडेही जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचं राज्य होतं. २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं तेव्हा कुठे थाप मारायला एक दार मिळालं.

"महामार्ग त्यांच्याकडे नाही हो वहिनी, तो केंद्राचा. नदी आणि धरण जलसंपदेकडे, मगर वनखात्याची. नगर परिषदेकडे गटार, दिवे आणि बोलणी."

"मगरीवरून आठवलं," मी म्हटलं, "चोवीस साली चिंचनाक्याला भर रस्त्यातून चालली होती ती..."

"आठ फुटी! रिक्षावाल्याने मागून दिवे मारले तर ही आपली शांतपणे मधून. वाशिष्ठी–शिवनदीत त्या आहेतच, पावसात पाण्याबरोबर वर येतात. तिला बघायला माणसं धावली हे जास्त धोक्याचं. मोबाइल पुढे धरून मगरीच्या तोंडापर्यंत जातात मेले." माईंना मगरीपेक्षा चित्रण करणाऱ्यांचा राग जास्त. "ती बिचारी तिच्या रस्त्याने चालली होती. तो रस्ता आधी तिचाच असेल, कुणी सांगावं?"

"तिला निळी रेषा लागू आहे का, विचारा," आप्पा म्हणाले.

पलीकडच्या रस्त्याने पुन्हा रिक्षा आली. कर्णा खरखरला. 'नागरिकांना कळविण्यात येते की' एवढं स्वच्छ ऐकू आलं, पुढचं सगळं कुत्र्याच्या भुंकण्यात गेलं.

"काय म्हणाला गो?"

"पुरासाठी सामान वर हलवा, असं काहीतरी असेल."

"छे हो," आप्पा पिशवी उचलत म्हणाले. "मी नाक्यावर ऐकलं मघाशी. पाइपलाइन दुरुस्तीला घेतलीय. उद्या आणि परवा नळाला पाणी नाही."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगता?" माईंनी सूप गडग्यावरच टाकलं. "बाय, तुझी बादली इकडे दे, माझा नळ खालच्या अंगाला आहे, अजून धार असेल. पळ!"