हेलिकॉप्टरमामा

मोशीपासून चाकणपर्यंत कुठल्याही गावात लग्न जमलं की आधी मुहूर्त ठरतो, मग मंगल कार्यालय आणि मग मामांना फोन जातो. मामा नक्की कोणाचे, हे विचारायचं नसतं. जमीन एमआयडीसीत गेली, त्या पैशातून मामांनी पाण्याचे टँकर घेतले आणि कामगारांच्या ने-आणीसाठी कंपन्यांना बसगाड्या लावल्या. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात जाड गोफ, दोन्ही कानांना एकेक मोबाइल. खेड-चाकणला होणारा विमानतळ पुरंदरला गेला, तेव्हा पंचक्रोशी हळहळली. मामा म्हणाले, “तळ गेला तर गेला, विमान आपण आणू.”

तसं इथे नवरदेवाने कशातून यायचं बाकी ठेवलं नव्हतं. घोडा जुना झाला, बुलेट झाली, बैलगाडी झाली. जिथे 2022 साली चिखलीच्या बैलगाडा शर्यतीत बक्षिसाला जेसीबी होता, तिथे जेसीबीतून आलेल्या नवरदेवाकडे मान वळवून कोण बघणार? शिवाय मामांकडे बिनतोड कारण होतं. “चाकणच्या तळेगाव चौकात वरात अडकली की अक्षता संध्याकाळीच. वर सिग्नल हाय का एखादा?”

हेलिकॉप्टर ठरवायची मामांची पद्धत टँकर ठरवायचीच. पहिला प्रश्न, “अ‍ॅव्हरेज किती देतं?” पलीकडचा माणूस चाचरत सांगतो की सहाजणांच्या हेलिकॉप्टरला तासाला पावणेदोनशे लिटरच्या आसपास इंधन लागतं. मामा वेगही विचारून मनात हिशेब मांडतात. “म्हंजे लिटरला सव्वा किलोमीटर! आवं, आमचा भरलेला टँकर घाटात जास्त देतो.” मग कळतं, मीटर जुहूला सुरू होतं आणि परत जुहूला पोचल्यावर बंद होतं, कमीत कमी दोन तासांचं बिल, वर जीएसटी. “मोकळी गाडी जाणार, त्याचंबी पैसं आमीच द्यायचं? मुंबईची एखादी सवारी भरा की!”

इतकं झाल्यावर मामा खरा प्रश्न विचारतात आणि तिथे भलेभले दलाल गळतात. “पाटी पिवळी का पांढरी?” बसच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. खासगी मालकीचं हेलिकॉप्टर भाड्याने लावता येत नाही. त्यासाठी कंपनीकडे डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट लागतं. “ओळखीतलं हाय, स्वस्तात करून देतो” म्हणणाऱ्याला मामा परमिटची झेरॉक्स मागतात. झेरॉक्स येत नाही. फोनही परत येत नाही.

मग कागदपत्रांची वरात निघते. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पोलिसांचं पत्र, लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा म्हणून तिकडचा होकार, जागेवर अग्निशमनची गाडी आणि रुग्णवाहिका. शेतात फक्कीने मोठ्ठा ‘एच’ आखायचा आणि धूळ उडू नये म्हणून पाणी मारायचं. टँकर अर्थात मामांचेच. पायलट जागा बघायला आला तेव्हा मामांनी हौसेने पेपर ब्लास्टची मशिनं दाखवली. पायलटने आधी मशिनांकडे, मग वरून गेलेल्या हायटेन्शनच्या तारांकडे, मग मांडवाच्या कापडाकडे बघितलं आणि तिन्हींपासून लांबचं शेत निवडलं. ते भावकीतल्या ज्या माणसाशी मामा बोलत नव्हते, त्याचं निघालं. लग्नाआधी तिथेच एक समेट झाला.

खरी कसोटी मुहूर्ताची. पत्रिकेत गोरज मुहूर्त आणि अशा हेलिकॉप्टरला सूर्यास्ताच्या आत उतरावं लागतं. मामांनी गुरुजींकडून भर दुपारचा मुहूर्त काढून घेतला. त्यावर पायलट म्हणाला, “मामा, मे महिन्यातल्या दुपारी हवा तापून विरळ होते, हेलिकॉप्टर कमी वजन उचलतं. दोन माणसं कमी करा, आणि उरलेल्यांची वजनं कळवा.” भुसारी दुकानातून वजनकाटा आला. नवरदेवाचे काका म्हणाले, “सोनं धरून का सोडून?” आत्याबाई काट्यावर चढायलाच तयार होईनात. शेवटी मामांनी मार्ग काढला: आकडा फक्त पायलटच्या कानात सांगायचा. त्या रुसायच्या थांबल्या, पायलट मात्र घामाघूम झाला.

मामांचा भाचा अमेरिकेत असतो. वजनाची ही कथा ऐकून त्याने सांगितलं, अलास्कात लोक छोटं विमान भाड्याने घेऊन रानात शिकारीला जातात. पायलट त्यांना सोडून जातो आणि आठवड्याने न्यायला येतो. मामांना आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद असल्याचं दुःख नव्हतं. त्यांची शंका वेगळी. “आठवडाभराचा वेटिंग चार्ज कोण देतं?” भाचा म्हणाला, “वेटिंग नाही मामा, पण येताना वजन वाढतं म्हणून जास्त पैसे.” मामांनी मान डोलावली. “बराबर हाय. आपल्याकडंबी जाताना नवरदेव, येताना वर नवरी, दागिने अन् करवली.”

हेलिकॉप्टर उतरलं त्या दिवशी मामा सगळ्यात पुढे. कुठलीही गाडी घेताना टायरला लाथ मारून बघायची त्यांची सवय. पंखा थांबल्यावर त्यांनी पाय उचलला, बघतात तर खाली चाकंच नाहीत, नुसत्या दोन नळ्या! पाय तसाच हवेत. फोटोग्राफरने नेमका तोच क्षण टिपला आणि सगळ्या ग्रुपवर फिरवला. मामांनी पाय खाली ठेवला आणि रोज सकाळी बसच्या ड्रायव्हरला विचारतात तेच विचारलं, “कॅप्टन, रात्री झोप झाली का? नाष्टा केला?” पायलट पहिल्यांदा मोकळा हसला.

मामांना हसायला हरकत नाही, आम्हीही हसतो. पण फुलं किती उधळणार आणि ड्रोनने शूटिंग कोण करणार, यापलीकडे काही न विचारता अ‍ॅडव्हान्स देणाऱ्या शिकल्या-सवरलेल्यांपेक्षा हा माणूस शहाणा आहे. तेव्हा नवरदेवाला उडवायची हौस असेलच, तर मामांसारखं आधी परमिट बघा, वजन खरं सांगा, पायलटची झोप विचारा. आणि हवा बघून तो ‘नाही’ म्हणाला तर मानपान न काढता गुमान गाडीत बसा. मुहूर्त काय, दुसरा निघतो.