कर्ता ओळखा

वाक्याचा कर्ता शोधण्याची एक सोपी युक्ती मराठी शाळेत शिकवली जाते: क्रियापदाच्या धातूला ‘णारा’ जोडून ‘कोण?’ असे विचारावे, आणि जो उत्तरात येईल तो कर्ता. ही युक्ती परीक्षेपुरतीच कामाची असा समज असला, तरी गर्व नावाच्या दुखण्याचे निदान तिच्याइतके स्वस्तात अन्य साधनाने होत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या सोयगाव तालुक्यात ज्या वर्षी कपाशीची बोंडे फुटून शेत पांढरे होते, त्या वर्षी ‘पिकवणारा कोण?’ याचे उत्तर ‘आम्ही’ असे येते. आणि २०१७ सारख्या वर्षी गुलाबी बोंडअळीने बोंड आतून पोखरले, की कर्तेपद तातडीने देव, सरकार, बियाणे आणि शेजाऱ्याची नजर यांच्यात वाटून दिले जाते. हा स्वभाव शेतकऱ्याचाच असे कोणी मानू नये, कारण पहिला आलेला मुलगा सर्वत्र वडिलांवर गेलेला असतो आणि नापास झालेला मामावर.

बायबलच्या जुन्या करारातील, म्हणजे येशूपूर्व काळातील हिब्रू धर्मग्रंथांतील, ईयोबाचे पुस्तक हा या व्याकरणाचा ४२ अध्यायांचा पाठ आहे. ईयोब ऊस देशाचा रहिवासी होता. हे देशाचे नाव असून त्याचा पिकाशी संबंध नाही, अन्यथा त्याच्या संकटांच्या यादीत थकलेल्या बिलाचीही भर पडली असती. सात हजार मेंढरे, तीन हजार उंट, बैलांच्या पाचशे जोड्या, पाचशे गाढवी आणि दहा मुले एका दिवसात गेल्यावर, सर्वांगाला फोड आलेला हा सज्जन राखेत बसून खापरीने अंग खाजवू लागला. समाचाराला आलेले तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्याजवळ बसले, आणि सांत्वनाच्या इतिहासात याहून चांगले काम क्वचितच कोणी केले असेल; दुर्दैवाने नंतर ते बोलू लागले. ज्याचे घर शाबूत असते त्याला दुसऱ्याचे घर का पडले हे फार स्पष्ट दिसते, या नियमाला अनुसरून त्यांनी ईयोबाच्या पदरी पाप असलेच पाहिजे असा निष्कर्ष काढला.

ईयोब निर्दोष होता, परंतु निर्दोष माणसालाही गर्वाची बाधा होते, आणि ती त्याला निर्दोषपणाचीच होते. एकतिसाव्या अध्यायात तो एवढ्या भरात येतो, की देवाने आपल्यावर आरोपपत्र लिहून द्यावे, आपण ते मुकुटासारखे डोक्यावर बांधून मिरवू, असे म्हणतो. फेट्याऐवजी आरोपपत्र बांधण्याची ही कल्पना पुढे राजकारणात बरीच रूढ झाली. त्यावर वावटळीतून बोलणारा देव दुःखाचे कारण सांगतच नाही, उलट व्याकरणाचा तास घेतो: पृथ्वीचे माप ठरवणारा कोण, समुद्राला दार लावणारा कोण, कावळ्याच्या पिलांना घास पुरवणारा कोण? ईयोब तोंडावर हात ठेवतो, आणि ज्या मित्रांनी त्याला छळले त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. त्यानंतर त्याची संपत्ती दुप्पट होते. शेवटी तो मुलींनाही भावांच्या बरोबरीने वतन देतो, आणि तेथे कोठेही हक्कसोडपत्राचा उल्लेख नाही.

कारण न कळताही भरवसा ठेवणे, हा विश्वास या शब्दाचा ईयोबाच्या गोष्टीतून निघणारा अर्थ सोयगावला निराळा समजावून सांगावा लागत नाही. पाऊस पडण्याआधी कोरड्या मातीत बी टोचण्याला धूळपेरणी म्हणतात. तीत पावसाची हमी नसते, आणि ‘पाडणारा’ आपण नव्हे हे मात्र पुरते ठाऊक असते.

तरीही गर्व चिवट असतो. नव्या करारात लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात एक परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा माणूस, आपण त्या जकातदारासारखे नाही म्हणून देवाचे आभार मानतो, तर जकातदार छाती पिटून केवळ दया मागतो. हा दाखला वाचून बहुतेक वाचक पुस्तक मिटतात आणि आपण त्या परूशासारखे नाही म्हणून देवाचे आभार मानतात.

या सापळ्यातून वाचण्याचा एक मार्ग पंडिता रमाबाईंच्या चरित्रात दिसतो. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली, पुढे भाऊ, १८८२ मध्ये पती आणि १९२१ मध्ये कन्या मनोरमा गेली. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, आणि सामान्य बायकांना कळावे म्हणून जड संस्कृत शब्द वगळून. ज्या विद्येमुळे पदवी मिळाली तीच विद्या पानावर दिसू न देणे, हे पदवीधरांच्या जगात चमत्कारातच जमा व्हावे. काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

उलट टोकाचे उदाहरण सोयगाव तालुक्यातच, अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी तेथे पोहोचलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने खांबावरील चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरली. लेणे खोदणाऱ्यांनी आणि ते चित्र रंगवणाऱ्यांनी तेथे आपली सही ठेवलेली नाही. आज ते नाव माणसाच्या डोक्याहून बरेच वर दिसते, कारण स्मिथसाहेब शतकानुशतके साचलेल्या मातीदगडांच्या ढिगावर उभे होते. पुढे लेणे साफ झाले, ढीग उचलला गेला, आणि सही तेवढी अधांतरी राहिली. मान वर करून ती पाहणाऱ्याने धातूला ‘णारा’ जोडून पाहावा: कोरणारा स्मिथ, उंच करणारा ढिगारा.