रस्ता तर उघडाच आहे

गणपतीच्या तोंडावर कशेडी घाटात दोन तास वाहतूक खोळंबली की महाराष्ट्राचं राज्य हलतं. पोलादपूरपासून खेडपर्यंत पोलीस उभे राहतात, क्रेन येते, मंत्रिमहोदय गाडीतून उतरून दरडीकडे बोट दाखवतात आणि वाहिन्या चाकरमान्यांचे हाल घरोघरी पोचवतात. २०२३ साली तर याच घाईत कशेडीच्या नव्या बोगद्याची एक बाजू सणाआधी लहान गाड्यांसाठी खुली करून टाकली. त्या वर्षी गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. नेमक्या त्याच दिवशी कॉकेशसच्या डोंगरात नागोर्नो-काराबाखवर अझरबैजानच्या तोफा धडाडू लागल्या. तिथल्या आर्मेनियन वस्तीला आर्मेनियाशी जोडणारा एकच घाटरस्ता होता, लाचिनचा. तो दोन तास नव्हे, नऊ महिने बंद होता. पलीकडे सुमारे १ लाख २० हजार माणसं अडकली होती. जगाने या काळात हात बांधून बसणं पसंत केलं असं कोणी म्हणू नये; जगाने चिंता व्यक्त केली. आधी नुसती चिंता, मग गंभीर चिंता, मग तीव्र चिंता. दोन्ही बाजूंना संयम पाळण्याचं आवाहनही झालं. म्हणजे एका बाजूने रस्ता अडवण्यात संयम पाळावा आणि दुसरीने भूक लागण्यात.

हा रस्ता बंद कसा झाला, ते रायगड जिल्ह्यातल्या वाचकाला फोड करून सांगावं लागणार नाही. १२ डिसेंबर २०२२ रोजी काही पर्यावरणप्रेमी मंडळी शुशा गावाजवळ रस्त्यावर येऊन बसली. खाणींमुळे निसर्गाची हानी होते, असं त्यांचं म्हणणं. निसर्गावर एवढी माया करणारी माणसं एका हुकूमशाही देशात महिनोन् महिने रस्त्यावर बसतात आणि सरकार त्यांना हटकतसुद्धा नाही, याचं नवल अझरबैजानच्या बाकूतल्या सरकारला वाटलं नाही. नाकेबंदी? कसली नाकेबंदी? रेडक्रॉसच्या गाड्या जातात, रशियन शांतिसैनिकांचे ट्रक जातात, रस्ता तर उघडाच आहे. आता आपल्याकडची गावकी आठवा. एखाद्या घराला वाळीत टाकल्याचा ठराव कोणत्याही गावकीच्या वहीत सापडत नाही. पोलिसांनी विचारलं तर पंच हात जोडून सांगतात की साहेब, आम्ही कुणालाच मनाई केली नाही, लोक आपल्या मर्जीने बोलत नाहीत त्याला आम्ही काय करणार. दुकानात नेमकी साखर संपलेली असते, गिरणीचा पट्टा तुटलेला असतो, आणि मयताला खांदा द्यायच्या दिवशी अख्ख्या गावाला तालुक्याला काम निघालेलं असतं. रायगडातून अशा तक्रारींची रीघ लागली म्हणून तर महाराष्ट्राला २०१६ साली देशातला पहिला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. ३ जुलै २०१७ पासून तो लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. बाकूने यातला पुढचा टप्पाही गाठला. एप्रिल २०२३ मध्ये लाचिनच्या पुलाशी अधिकृत तपासणी नाका बसला, निसर्गप्रेमींचं कार्य सिद्धीस गेलं आणि ते घरी परतले. जूनच्या मध्यापासून रेडक्रॉसचीही अडवणूक सुरू झाली. जुलैच्या अखेरीस आर्मेनियाने मदतीचे १९ ट्रक पाठवले, ते सीमेवरच्या कोर्निद्झोर गावाशी उभे ते उभेच.

तेव्हा कागदाची उणीव होती असं नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२३ रोजी बहुमताने आदेश दिला की लाचिनच्या रस्त्यावर माणसं, वाहनं आणि माल दोन्ही दिशांना विनाअडथळा जाईल यासाठी अझरबैजानने हाताशी असलेले सगळे उपाय करावेत. ६ जुलैला न्यायालयाने तोच आदेश कायम असल्याचं सांगितलं. १६ ऑगस्टला सुरक्षा परिषद बसली, सदस्य बोलले, ठराव न करताच उठली. १४ सप्टेंबरला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या अधिकारी बाईंनी सिनेट समितीपुढे बजावलं की काराबाखच्या आर्मेनियनांचं वांशिक निर्मूलन अमेरिका खपवून घेणार नाही. बरोबर पाच दिवसांनी तोफा सुरू झाल्या आणि पुढच्या दोन आठवड्यांत १ लाखाहून अधिक माणसं त्याच लाचिनच्या रस्त्याने निघून गेली. बाहेर पडणाऱ्यांसाठी रस्ता तात्काळ मोकळा झाला होता. आदेशाचं निम्मं पालन झालं म्हणायला हरकत नाही.

महाडकरांना अशा आदेशांचा शंभर वर्षांचा अनुभव आहे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला धरून चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. झालं, तळं खुलं! पुढची तीन वर्षं एकाही अस्पृश्याला त्यात ओंजळ बुडवता आली नाही, पण ठराव होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि महाडच्या परिषदेला आलेले लोक तो ठराव खरा मानून तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवून त्यांना झोडपण्यात आलं. मग १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं शुद्ध केलं गेलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला तर विरोधकांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला, आणि कलेक्टरसाहेबांनी परिषदेत जातीने येऊन समजावलं की निकालापर्यंत थांबा. बहुधा दोन्ही बाजूंना संयमाचं आवाहन करण्याची ही आपल्याकडची आद्य आवृत्ती असावी. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. पहिल्या ठरावापासून चौदा वर्षं होत आली होती.

यावर शहाणी माणसं तीन हरकती घेतात आणि तिन्हींना उत्तर देणं भाग आहे. पहिली अशी की काराबाख कायद्याने अझरबैजानचाच भाग. एकाही देशाने त्याला स्वतंत्र मानलं नव्हतं, खुद्द आर्मेनियाच्या पंतप्रधानांनी मे २०२३ मध्ये तसं मान्य केलं. खरं आहे. पण जमीन तुमची असेल तर तिच्यावरची माणसंही तुमचीच झाली, आणि आपल्याच माणसांचं पीठ-मीठ तोडण्याचा अधिकार कोणत्या सातबाऱ्यावर लिहिलेला असतो? चवदार तळ्याच्या दाव्यातही तळं आमच्या खाजगी मालकीचं असंच म्हणणं होतं. दुसरी हरकत अधिक जड आहे. १९९४ पर्यंतच्या युद्धात आर्मेनियनांनी काराबाख आणि भोवतालच्या सात जिल्ह्यांतून पाच लाखांहून अधिक अझरबैजानी लोकांना हुसकावलं, अगदामसारखं शहर दगडविटांचा ढीग करून टाकलं. हेही खरं, आणि त्याचा हिशेब आर्मेनियाकडे मागितलाच पाहिजे. मात्र तो हिशेब २०२३ साली पावाच्या रांगेत उभ्या असलेल्या, त्या युद्धानंतर जन्मलेल्या पोराकडून वसूल करायचा, हे गावकीच्याच न्यायात बसतं: आजोबाने केलं, नातवाला पाणी बंद. याच हरकतीची पोटजात म्हणजे, अझरबैजान अगदामच्या बाजूने अन्न द्यायला तयार होतं, काराबाखच्या आर्मेनियनांनीच घेतलं नाही. वाळीत टाकलेल्याने पंचांच्या घरून दाणे आणावेत, फक्त त्याआधी दंड भरून पायावर डोकं ठेवावं, अशी ती उदार योजना होती.

तिसरी हरकत: मग जगाने काय, सैन्य धाडायचं होतं? इथे पुन्हा रावबहादूर बोले उपयोगी पडतात. १९२३चा ठराव कोणी पाळत नाही म्हटल्यावर त्यांनी १९२६ साली दुसरा ठराव आणला: जी नगरपालिका ऐकणार नाही तिचं सरकारी अनुदान बंद करा. सरकारने त्याचीही धार बोथटच ठेवली, ही गोष्ट निराळी, पण एका रावबहादुराला जे सुचलं ते युरोपला सुचू नये? सुचलं नाही असं नाही, अडचण एवढीच की अनुदान उलट्या दिशेने वाहत होतं. १८ जुलै २०२२ रोजी युरोपियन कमिशनच्या अध्यक्षा बाकूला जाऊन २०२७ पर्यंत गॅसची आयात दुप्पट, म्हणजे वर्षाला किमान २० अब्ज घनमीटर, करण्याच्या करारावर सही करून आल्या होत्या. रशियाने युक्रेनवर हल्ला केला म्हणून रशियाचा गॅस नको, हे तत्त्व; म्हणून अझरबैजानचा घ्यायचा, हा व्यवहार. आपण हसायचं कारण नाही. ओएनजीसी विदेशचा २०१३ पासून अझेरी-चिराग-गुनाश्ली तेलक्षेत्रात छोटासा हिस्सा आहे आणि आर्मेनियाला आपण पिनाक रॉकेटं विकली आहेत. अलिप्ततेचं इतकं समतोल दर्शन नेहरूंच्या काळातही घडलं नसेल.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हेगने आणखी एक आदेश काढला: ज्यांना परत यायचं असेल त्यांना सुरक्षितपणे येऊ द्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद बाकूतच भरली, तेव्हा ते निसर्गप्रेमही सत्कारणी लागलं. ८ ऑगस्ट २०२५ रोजी दोन्ही देशांचे नेते वॉशिंग्टनला गेले आणि आर्मेनियातून अझरबैजानला जाणाऱ्या एका नव्या रस्त्याला अमेरिकेच्या अध्यक्षांचं नाव द्यायचं ठरलं. म्हणजे रस्ते उघडता येतात. त्याच वेळी आद्याक्षरं झालेल्या शांतता कराराच्या मसुद्यात काराबाखमधून गेलेल्या माणसांच्या परतीचा उल्लेख नाही, पण एक कलम मात्र चोख आहे: करार लागू होताच महिन्याभरात दोन्ही देशांनी एकमेकांविरुद्धचे आंतरराष्ट्रीय दावे मागे घ्यायचे. आपल्याकडच्या पंचांनाही हे कलम तोंडपाठ आहे. वाळीत टाकलेल्या घराशी समेट करायला ते कधीही तयार असतात, आधी तेवढी पोलीस ठाण्यातली तक्रार मागे घ्या म्हणतात.