वावरात जाऊन येतो

भंडारा जिल्ह्यातला कर्ता माणूस घरात क्वचित आढळतो. तांबडे फुटायच्या आत तो दाराबाहेर पडतो आणि जाताना "वावरात जाऊन येतो" एवढेच बोलतो. किती वाजता येणार, नेमक्या कोणत्या वावरात जाणार आणि तिथे काम काय, यांतल्या कशाचाही खुलासा होत नाही, कोणी मागतही नाही. खांद्यावर दुपट्टा, हातात काठी किंवा फावडे, खिशात खर्ऱ्याची पुडी. पावसाळ्यात चपला हातात असतात, कारण चिखलात चप्पल घालणारा माणूस एकतर नागपूरचा असतो नाहीतर नवा जावई. वावर हाकेच्या अंतरावर असले तरी जाऊन येण्याला चार तास लागतात.

याचे मूळ धानात आहे. धानाचे शेत म्हणजे एकसलग वावर नव्हे. ते लहानमोठ्या बांध्यांचे असते. प्रत्येक बांधीला चारी बाजूंनी मातीचा धुरा, आणि वरच्या बांधीतले पाणी खालच्या बांधीत उतरते. धुऱ्याला खेकड्याने एक भोक पाडले की रात्रीतून बांधी कोरडी आणि खालच्या शेजाऱ्याची तुडुंब. त्यामुळे रोज एक फेरी मारणे भागच असते. फेरीला अर्धा तास पुरतो. उरलेल्या साडेतीन तासांचा हिशेब या माणसाने कोणाला कधी दिलेला नाही. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला असे सोयीचे खेकडे मिळाले नाहीत, हे त्याचे दुर्दैव.

या स्वभावाला जुनी परंपरा आहे. जिल्ह्यातले कोहळी समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधत आणि ऊस-धान पिकवत आले. त्यांच्यातल्या कोलू पाटलांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नवेगावचा बांध घातला. सात बहिणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांमधल्या खिंडी त्यांनी मातीने बुजवल्या आणि मध्ये एवढे पाणी अडवले की जुन्या गॅझेटियरांनी त्याचा घेर १७ मैलांचा नोंदवला. घरून निघताना कोलू पाटील काय सांगून निघत, याची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही. पुढे लोकांनी त्यांना कोलासूर देव करून टेकडीवर बसवले. कष्टाळू माणसाला देव करण्यात गावाची सोयही असते, कारण देवाला मजुरी द्यावी लागत नाही. १ मे १९९९ रोजी जिल्ह्याची वाटणी झाली आणि तलाव देवासकट गोंदियाकडे गेला. भंडाऱ्याकडे बाकीचे तलाव उरले, आणि तेही थोडे नाहीत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले आणि कागदोपत्री त्यांना 'माजी मालगुजारी' असे नाव मिळाले. लोकांनी त्याचे 'मामा तलाव' करून टाकले. मामाकडे जायला कोणाची परवानगी लागत नाही.

वर्ष मृगाने सुरू होते. पऱ्हे टाकतात, ते तीन-चार आठवड्यांचे झाले की रोवणी लागते. माणूस गुडघाभर पाण्यात चिखलणी करतो, पऱ्ह्यांच्या पेंढ्या डोक्यावरून वाहतो, बैलांवर ओरडतो. हे कष्ट खरे आहेत आणि ते दुरूनही ऐकू येतात. प्रत्यक्ष रोवणी मात्र बाया करतात. दिवसभर कमरेत वाकून, पाऊस अंगावर घेत, एकेक काडी चिखलात खोचत त्या मागे मागे सरकतात, आणि घरी परतल्यावर चूलही त्याच पेटवतात. 'कष्टाळू' हे विशेषण जिल्ह्यात सर्रास पुरुषालाच लावले जाते, त्याचे कारण बहुधा एवढेच की बाईला ते लावून घ्यायला सवड नसते.

याच सुमारास मासे चढतात. पहिल्या जोराच्या पावसात तलावातले मासे उलट्या पाण्याने नाल्यात आणि नाल्यातून बांधीत शिरतात. कर्त्या माणसाचा धुरा नेमका याच दिवसांत वारंवार फुटू लागतो. धुरा दुरुस्त करायला तो फावड्याबरोबर गरीही घेऊन जातो. मासेमारी हा ढिवरांचा पिढीजात धंदा. जाळे, नाव आणि पाण्याची अक्कल त्यांच्याकडे. शेतकऱ्याकडे यांतले काही नसते, चिकाटी तेवढी भरपूर असते. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर उकिडवे बसून तो पाण्याकडे असा रोखून पाहतो, की पाटबंधारे खात्याच्या अभियंत्यानेही तसे कधी पाहिले नसेल. बोटभर मासे बरेच लागतात. खरी प्रतिष्ठा मरळीची. मरळ पिल्लांचा थवा सोबत घेऊन फिरते, त्यांची राखण करते आणि या मायेपायीच पुष्कळदा पकडली जाते. कुटुंबवत्सलतेचा हा तोटा गरीवाल्याच्या ध्यानात येत नाही. त्याचे स्वतःचे कुटुंब तेव्हा जेवणासाठी त्याची वाट पाहत खोळंबलेले असते.

"आले का जी वावरातून?"

"धुरा फुटला होता."

"अन् हा दुपट्टा काऊन वास मारते?"

या प्रश्नाला जिल्ह्यात अद्याप उत्तर मिळालेले नाही.

धुऱ्यावरून नुसते हिंडण्याचेही समर्थन करता येते, आणि ते शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातून मिळते. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे १९८३ मध्ये आपल्या धानातून फिरत असताना त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, बियाणे वाढवले आणि त्यातून एचएमटी हा तांदूळ आला. मनगटी घड्याळाचे नाव मिळालेला हा तांदूळ पुढे घराघरांत शिजला. दादाजी अत्यंत गरिबीत, अत्यंत चिकाटीने काम करणारे संशोधक होते. भंडाऱ्याचा कर्ता माणूस त्यातली चिकाटी बाजूला ठेवतो आणि 'फिरत असताना' एवढे शब्द पाठ करतो.

धान निसवले की जागल सुरू होते. रानडुकरे आणि रोही रात्री पिकात शिरतात, म्हणून माणूस मचाणावर झोपायला जातो. झोपायला जातो आणि झोपत नाही, असे त्याचे म्हणणे. शेजारच्या मचाणावरचा इसमही जागा असतो, तेव्हा रात्री बारा वाजता दोन मचाणांमध्ये सोयरीक, सोसायटीचे कर्ज आणि धानाचा बोनस या विषयांवर ओरडून चर्चा चालते. डुकरे त्यानेच पळत असावीत. कापणीच्या आधी उभ्या धानातच लाखोळी फेकून देतात. जमिनीतल्या ओलीवर ती आपोआप उगवते. नांगरणी नाही, वखरणी नाही. एवढे कमी श्रम घेणाऱ्या पिकाची पाहणी करायलाही हा माणूस रोज जातो, हे त्याच्या कष्टाळूपणाचे ठळक उदाहरण म्हणून सांगता येईल.

दिवाळीनंतर मंडई लागतात. भाऊबीज झाली की आज या गावची, उद्या त्या गावची मंडई, रात्री दंडार नाहीतर वडशाच्या कंपनीचे नाटक. मंडईत सोयरिकी जुळतात, त्यामुळे मुलीच्या बापाने प्रत्येक मंडईला हजर राहणे हे कर्तव्यच ठरते. मुलीचे लग्न होऊन दहा वर्षे झाली तरी कर्तव्य थांबत नाही. स्थळ पाहायला गेलेला हा बाप मुलाचा पगार दुसऱ्या भेटीत विचारतो. पहिल्या भेटीत तो मागच्या दाराने बाहेर पडून त्यांची बोडी किती खोल आहे ते पाहून येतो. हिवाळ्यातच बैलांच्या शर्यतींचे शंकरपट भरतात. जोडी, धुरकरी आणि सेकंदांचा काटा, असा हा कारभार. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद पडले, ते डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळून पुन्हा सुरू झाले. मधली सात वर्षे बैलांना विश्रांती मिळाली. माणसांचे हाल झाले. हिवाळ्यातल्या दुपारी घरी बसून काय करतात, हे त्यांना पहिल्यांदाच कळले, आणि त्यांच्या बायकांनाही.

मार्च-एप्रिलात मोहफुले पडतात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडतात. मोह वेचायला पहाटेच जावे लागते आणि अस्वलालाही तीच वेळ सोयीची पडते. तेंदूची ७० पाने मोजून पुडके बांधताना सारे घर ओसरीवर बसते. वर्षातल्या या एकाच कामात कर्ता माणूस सलग घरात दिसतो, म्हणून लहान मुले त्याला याच दिवसांत नीट ओळखू लागतात. २०१३ मध्ये कोका अभयारण्य झाले आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पही. तेव्हापासून वनखाते सांगते, एकट्याने जंगलात जाऊ नका. तो एकटा जात नाही, शेजाऱ्याला घेऊन जातो. दोन्ही घरांत निरोप तोच दिलेला असतो.

माया दाखवण्याची त्याची रीतही बाहेरचीच. मुलांना जवळ घेणे, शाबासकी देणे असले प्रकार त्याच्या हातून होत नाहीत. खिशातून चारोळीची फळे निघतात, टेंभरे निघतात, दुपट्ट्याच्या गाठीतून जांभळे निघतात, आणि खर्ऱ्याचा वास लागलेली ती जांभळे मुले वाद न घालता खातात. मुले शिकून नागपूरला फ्लॅट घेतात तेव्हा त्याला आग्रहाने नेले जाते. तो तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतल्या चार कुंड्यांना दिवसातून तीनदा पाणी देतो, एक तुळस कुजवतो आणि धान पाहायचे आहे म्हणून परततो. तेव्हा कापणी होऊन महिना झालेला असतो.

मृत्यूनंतर वर्तमानपत्रात चार ओळी येतात: कष्टाळू, मनमिळाऊ, पश्चात मोठा आप्तपरिवार. फ्लेक्ससाठी फोटो शोधावा लागतो. तो कोणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतून कापून काढतात आणि स्टुडिओवाला त्यावर कोट चढवतो. खरी चरित्रकथा तेरवीच्या पंगतीत घडते, आणि तिचा नायक बहुधा मासा असतो. घाटावर कोणीतरी गेलेल्या माणसाने मामा तलावात धरलेल्या दीड किलोच्या मरळीची आठवण काढतो. दहाव्याला ती अडीच किलोची होते. तेरवीला, वड्याचा दुसरा घास घेताना, मरळ चार किलोची झालेली असते आणि तिने त्याला पाण्यात ओढत नेलेले असते. वाढणाऱ्या सुना थांबून ऐकतात, नातू डोळे विस्फारतात. आतल्या खोलीत बसलेल्या घरच्या बाईला मरळीचे वजन आठवत नाही. लाखनीच्या बाजारात त्या दिवशी मरळीला पडलेला भाव मात्र पाठ असतो.